पाच महिने गळणारा नळ आणि ‘मी करतो’

“घरात काही बिघडलं की हा म्हणतो, ‘माणूस कशाला बोलवायचा, मी करतो ना.’ मग ते काम पडून राहतं. आठवण केली की ती कटकट ठरते आणि मी परस्पर प्लंबर बोलावला तर दोन दिवस अबोला. स्वतः कुठलं काम करावं आणि कुठल्यासाठी कारागीर बोलवावा, हे ठरवायचं तरी कसं?”

समुपदेशनात ही तक्रार बऱ्याचदा येते, पण पहिल्या भेटीत क्वचितच. आधी ‘आमच्यात संवाद उरला नाही’ असं सांगितलं जातं आणि नळ निघतो तिसऱ्या भेटीत. इथे सांगतो ते जोडपं असंच आलं होतं. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

दोघंही नोकरी करणारे, चाळिशीच्या अलीकडचे. घरात चार कामं अडलेली होती. स्वयंपाकघरातला नळ पाच महिने गळत होता. बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल येऊन रंगाचे पोपडे पडत होते. गिझरचा स्विच हाताला गरम लागायचा. आणि कपाटाचं एक दार लोंबत होतं. तिचं म्हणणं, चारही कामांना एकदाच माणसं बोलवून मोकळं व्हावं. त्याचं म्हणणं, ही सगळी घरच्या घरी होणारी कामं आहेत, त्याच्या वडिलांनी आयुष्यात कधी बाहेरचा माणूस बोलावला नव्हता.

त्यांना एक वही करायला सांगितली. प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहायच्या: बिघाड कधीपासून आहे, पाणी किंवा वीज कुठून बंद होते, काम चुकलं तर नुकसान कुठपर्यंत जाईल, आणि कुठल्या तारखेपर्यंत झालं नाही तर माणूस बोलवायचा. ‘मला जमेल का’ हा रकाना मुद्दाम ठेवला नव्हता. तो प्रश्न विचारला की माणूस स्वतःची बाजू लढवायला लागतो. काम चुकलं तर नुकसान कुठे थांबेल, या प्रश्नाचं उत्तर मात्र नळच देतो, त्यात कुणाचा मान जात नाही.

नळाच्या ओळीत ‘पाणी कुठून बंद होतं’ हा रकाना त्याने कोरा सोडला होता. का, असं विचारल्यावर बराच वेळ गप्प बसून त्याने जे सांगितलं ते तिलाही नवीन होतं. पहिल्याच आठवड्यात तो पाना घेऊन सिंकखाली बसला होता. खालचा अँगल कॉक, म्हणजे नळाचं पाणी बंद करणारा भिंतीजवळचा कॉक, फिरेना. जोर लावला तेव्हा भिंतीच्या आतून बारीक कुरकुर ऐकू आली. घाबरून त्याने पाना ठेवून दिला, वर येऊन ‘रविवारी करतो’ म्हणाला, आणि पुढचे सगळे रविवार तसेच गेले.

आमच्या मते त्याने त्या दिवशी केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे पाना ठेवून देणं. अँगल कॉक वर्षानुवर्षं फिरवला नाही तर आत पाण्यातले क्षार साचतात आणि तो जखडतो. त्याचा आटा भिंतीतल्या एल्बोमध्ये, म्हणजे पाइपाच्या वळणाच्या जोडात, बसलेला असतो. लांब दांड्याच्या पान्याने जोर केला तर कॉक सुटायच्या आधी हा आटाच तुटू शकतो, आणि मग अर्ध्या इंची पाइपातून पूर्ण दाबाने येणारं पाणी थांबवायला टाकीखालचा मुख्य व्हॉल्व्ह गाठावा लागतो. तोही जखडलेला असला तर घरात तळं. म्हणून असा कॉक हाताने थोडा पुढे, थोडा मागे करत सोडवायचा, आणि चार-पाच प्रयत्नांत हलला नाही तर तिथेच थांबायचं. तो थांबला ते बरोबरच होतं. चुकलं ते तो थांबल्याचं न सांगण्यात. तिला पाच महिने दिसत होता आळस, आणि त्याच्या मनात होती भीती, वर तिची लाज.

हे बोलून झाल्यावर तिने पहिल्यांदा त्याच्याकडे वळून विचारलं, “मग सांगितलं का नाहीस?” तो म्हणाला, “बाबांनी केलं असतं.” त्या एका वाक्यावर पुढच्या दोन भेटी गेल्या. इथे एवढंच सांगतो की उघड्या पाइपांच्या, साध्या आट्याच्या नळांच्या घरात ज्याने सगळं हाताने केलं, त्याच्यापुढे भिंतीत गाडलेले पाइप नव्हते. दोघांच्या कामाची तुलना करताना हा फरक मुलाने लक्षात घेतला नव्हता.

नळाचं काम मग दोघांत वाटलं. भिंतीकडची बाजू प्लंबरची: मुख्य व्हॉल्व्ह बंद करून जुना अँगल कॉक काढणं आणि नवा बसवणं. नळाची बाजू त्याची. नळ बंद असताना तोंडातून थेंब पडत असेल तर दोष आतल्या वायसरचा असतो, पाव फेऱ्यात उघडणारा नळ असेल तर सिरॅमिक चकतीच्या काट्रिजचा, म्हणजे अख्ख्या बदलायच्या आतल्या भागाचा. दांड्याच्या मुळाशी पाणी येत असेल तर दोष पॅकिंगचा किंवा ओ-रिंगचा. हे आधी पाहिलं नाही तर चुकीचा भाग आणला जातो. पाणी बंद करून नळ उघडायचा म्हणजे उरलेलं पाणी निघून जातं. सिंकच्या जाळीवर फडकं टाकायचं, नाहीतर मुठीचा बारीक स्क्रू हमखास आत जातो. पान्याच्या जबड्यात कापड धरलं की नळावर ओरखडे येत नाहीत, आणि दुसऱ्या हाताने नळाचं अंग घट्ट धरलं की पान्याचा जोर खालच्या जोडांवर जात नाही. काढलेला भाग सोबत नेऊनच नवा घ्यावा. डोळ्यांना सारखे दिसणारे काट्रिज आट्यात आणि उंचीत वेगळे असतात. वायसर बदलूनही थेंब थांबला नाही तर तो जिथे टेकतो ती पितळी कडा बोटाने चाचपायची. ती खरबरीत झाली असेल तर कितीही वायसर बदलले तरी उपयोग नाही, नळच बदलावा. आणि आट्यावर टेफ्लॉन टेप लावायची वेळ आली तर आट्याचं तोंड स्वतःकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आठ-दहा वेढे द्यायचे. उलटे दिले तर जोड आवळताना टेप सुटत जाते.

गिझरच्या स्विचवर मात्र आम्ही चर्चा लांबवली नाही, त्याच दिवशी गिझर बंद करून वायरमनला बोलवायला सांगितलं. त्याचं म्हणणं होतं, “एमसीबी पडत नाही, म्हणजे काळजीचं काही नाही.” (एमसीबी म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप वीज तोडणारी कळ.) हा समज अनेक घरांत आहे आणि तो घातक आहे. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. स्विचमागचा स्क्रू ढिला असला तर त्या एका जागी विरोध वाढतो आणि तिथेच उष्णता तयार होते. वायरीतून जाणारा एकूण प्रवाह मात्र वाढत नाही, त्यामुळे एमसीबीला काहीच कळत नाही. तापल्याने स्क्रू आणखी ढिला होतो, प्लास्टिक पिवळं पडतं, जळका वास येतो आणि तरी एमसीबी चालूच. दुसरा धोका याच्या उलटा. एमसीबी वारंवार पडते म्हणून जास्त अँपिअरची बसवणं. एमसीबी असते वायर वाचवायला. वायर तीच ठेवून एमसीबी मोठी केली तर वायरच आधी तापते.

घरच्या माणसाने बल्ब बदलावा, आरसीसीबीचं, म्हणजे वीज कुठे गळली तर पुरवठा तोडणाऱ्या कळीचं, टेस्टचं बटण अधूनमधून दाबून ती पडते का पाहावं. विजेच्या फलकाचं झाकण उघडायचं काम मात्र वायरमनचं. नुसता भिंतीवरचा स्विच बंद करून काम करणं धोक्याचं, कारण कुणी कधी स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर जोडला असेल तर स्विच बंद असूनही दिव्यापर्यंत वीज आलेलीच असते. गॅसच्या नळीच्या जोडांनाही आम्ही याच रांगेत बसवतो. साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते घरच्याने पाहावं, आले तर गॅस मुळाशी बंद करून खिडक्या उघडाव्यात, विजेचं कुठलंही बटण चालू-बंद करू नये, आणि जोड दुरुस्त करायला त्या कामाचा माणूसच यावा.

ओलीच्या भिंतीने दोघांनाही दमवलं होतं. दोन वेळा आतून ‘वॉटरप्रूफ’ रंग मारून झाला होता. एकदा त्याने स्वतः, एकदा तिने बोलावलेल्या रंगाऱ्याने. दोन्ही वेळा काही महिन्यांत पोपडे आले. प्रत्येकाला दुसऱ्याचं काम खोटं वाटत होतं. खरं तर ओल येते तिथून पाणी थांबवलं नाही तर रंग कुणीही मारला तरी टिकत नाही. पाणी भिंतीतले क्षार विरघळवून बाहेर आणतं, पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक रंगामागे वाढतात आणि रंगाला ढकलून पाडतात. पोपड्यांखाली दिसणारी पांढरी भुकटी म्हणजे तोच लोणा.

इथे आम्ही एक वेगळी वाटणी सुचवली: निदान घरच्यांनी करायचं, दुरुस्ती गवंड्याने. तीन तपासण्या सांगितल्या. भिंतीवर साधारण ४५ सेंटीमीटर चौरस प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवायचं. थेंब बाहेरच्या बाजूला जमले तर हवेतला दमटपणा, आतल्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतूनच येतंय. मग रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहायचा आणि सकाळी कुणी नळ उघडायच्या आत पुन्हा पाहायचा. आकडा पुढे गेला तर दाबाचा पाइप गळतोय. नाही सरकला तर संशय फरशीच्या सांध्यांवर आणि नहाणी ट्रॅपवर, म्हणजे बाथरूमचं पाणी वाहून जातं त्या जाळीखालच्या भांड्यावर. ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करून दोन सेंटीमीटर पाणी साठवायचं, पातळीवर पेन्सिलने खूण करायची, २४ तासांनी बघायचं.

प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब आले. मीटर जागेवर राहिला. पाण्याची पातळी खुणेच्या बरीच खाली गेली. या तीन ओळी तिने वहीत लिहिल्या आणि गवंड्याला वाचून दाखवल्या. ‘ओल येते, काहीतरी करा’ म्हटलं असतं तर तिसऱ्यांदा रंग लागला असता. कारागिराला उपाय सांगू नये, लक्षणं सांगावीत. ‘वायसर बदलून द्या’ म्हटलं तर तो वायसर बदलून जातो, चूक त्याची नसते. शिवाय काम सुरू होण्याआधीच विचारावं: काय काय फोडणार, आणि काम झालं हे आपण कसं ओळखायचं? बाथरूमच्या बाबतीत याचं उत्तर ठरलेलं आहे. जलरोधक थर फरशीवर आणि भिंतीवर निदान ३० सेंटीमीटर चढवायचा, कोपऱ्याला गोलाई द्यायची, थर पूर्ण वाळू द्यायचा, आणि नवी फरशी बसायच्या आत पुन्हा २४ ते ४८ तास पाणी साठवून पाहायचं. ही चाचणी बोलीतच ठरवावी आणि रकमेचा शेवटचा भाग तिच्यानंतर द्यावा. फरशी बसल्यावर गळती दिसली तर सगळंच पुन्हा फोडावं लागतं. भिंत बंद होण्याआधी पाइपांचे फोटो काढून ठेवले तर पुढे ड्रिल मारतानाही ते उपयोगी पडतात. बाहेरच्या भिंतीला रंग लावायची घाई करू नये, ती वाळायला आठवडे लागतात, कधी महिनेही.

याच कामात तिची एक बाजू समोर आली. ‘माणूस बोलवू’ हे तीच म्हणत होती, पण माणूस आला की रजा तीच काढायची, धूळही तीच झाडायची आणि भाव ठरवताना ‘साहेब नाहीत का घरी?’ हेही तिलाच ऐकावं लागायचं. त्याच्या हिशोबात माणूस बोलावणं म्हणजे फक्त पैसे होते. तिचा दिवस त्यात धरलेलाच नव्हता. वहीत मग आणखी एक रकाना वाढला: कारागीर येईल तेव्हा घरी कोण थांबणार.

कपाटाचं दार तिने केलं. भुशाच्या फळीत बिजागरीचा स्क्रू वारंवार आवळला की भोक मोठं होतं आणि स्क्रू नुसता फिरत राहतो. भोकात लाकडाचा गोंद आणि गुल काढलेल्या दोन-तीन आगकाड्या ठोकून रात्रभर वाळू द्यायच्या, कडेला कापून सपाट करायच्या आणि तोच स्क्रू पुन्हा लावायचा. लांब स्क्रू वापरायचा मोह टाळावा. फळी १८ मिलिमीटरची असेल तर १६ चा स्क्रू पुरे, त्याहून लांब असेल तर टोक बाहेर येतं. दार बसल्यावर वाकडं दिसलं तर बिजागरीच्या बाहूवरचा पुढचा स्क्रू ते डावी-उजवीकडे सरकवतो, मागचा आत-बाहेर. तिने सकाळी चहा घेताना त्याला दार उघडून-मिटून दाखवलं.

शेवटच्या भेटीला ते वही घेऊन आले. मधल्या काळात संडासाची टाकी आतल्या आत गळायला लागली होती. त्याने टाकीत रंगाचे थेंब टाकून अर्ध्या तासाने भांड्यात रंग उतरल्याचं पाहिलं होतं, म्हणजे गळती खालच्या रबरी सीलमधूनच. त्या ओळीत त्याच्या अक्षरात होतं: ‘सील बदलायला बसलो. टाकीचा बाजूचा कॉक पूर्ण बंद होत नाही. थांबलो. प्लंबर शनिवारी, मी घरी आहे.’