झॅम्पवर (स्वतःच्याच संगणकावर साइट चालवून बघायचा सर्व्हर) लावलेला ३०१ रिडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाठवणारा आदेश, काढला, तरी जुनं पान नव्याकडेच जातंय. झॅम्प पुन्हा इन्स्टॉल करू का?

अजिबात नको. सर्व्हरचा यात काही दोष नाही, ३०१ ब्राउझरच्या कॅशेत, म्हणजे साठवून ठेवलेल्या प्रतींत, बसलाय. ३०१ म्हणजे पत्ता कायमचा बदलला. सर्व्हरच्या उत्तरातल्या कॅशे-कंट्रोल या ओळीत मुदत दिलेली नसेल, तर क्रोम पुढच्या वेळी सर्व्हरला विचारायलाच जात नाही.

एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबमध्ये ‘डिसेबल कॅशे’वर टिक करा आणि ती खिडकी उघडी ठेवूनच जुना पत्ता पुन्हा उघडा. खात्री हवी असेल तर कमांड प्रॉम्प्टवर ‘कर्ल’ (ब्राउझरशिवाय सर्व्हरला विचारणारी कमांड), मग डॅश आणि मोठा आय, मग पत्ता. कर्ल कॅशे ठेवत नाही. २०० (पान थेट मिळालं) आला की सर्व्हरवरची डॉट-एचटीॲक्सेस ही रिडायरेक्टच्या ओळींची फाइल स्वच्छ आहे.

सांगलीतल्या क्लासमधून ‘एसईओसाठी (गूगलमध्ये साइट वर यावी म्हणून) ३०१च लावा’ असं शिकवतात आणि यावरून माझं तिथल्या एका सरांशी नेहमी वाजतं. लोकलहोस्टवर, म्हणजे स्वतःच्याच संगणकावरच्या पत्त्यावर, गूगल कुठून येणार? उलट नुकसानच होतं. मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतीची साइट करताना पोरं थेट लोकलहोस्टच्या मुळावरून हळदीच्या फोल्डरला ३०१ लावतात. काम संपलं की फोल्डर उडवतात आणि त्याच मुळावर तासगावच्या बेदाणेवाल्याची साइट ठेवतात. ब्राउझर मात्र हळदीकडेच धावतो आणि ४०४ (पान सापडलं नाही) दाखवतो. मग अख्खी रात्र डॉट-एचटीॲक्सेस उकरण्यात जाते. लोकलवर ३०२च, म्हणजे तात्पुरता रिडायरेक्ट, लावा. पत्ते पक्के झाले की लाइव्हवर ३०१ करा.

दुसरा घोळ डॉट-एचटीॲक्सेसमधल्या ‘रिडायरेक्ट’ या ओळीचा. ती पत्त्याची सुरुवात जुळवते आणि उरलेला भाग पुढे चिकटवते. ‘/हळद’वरून ‘/हळद/नवीन’ला पाठवलं, की ‘/हळद/नवीन/नवीन’ असं वाढत जातं आणि ब्राउझर ‘टू मेनी रिडायरेक्ट्स’ म्हणून थांबतो. तिथे ‘रिडायरेक्टमॅच’ वापरून जुन्या पत्त्याच्या शेवटी डॉलरचं चिन्ह द्या, म्हणजे पत्ता तिथेच संपला तरच जुळेल.

हां, फॉर्म सबमिट होणाऱ्या पत्त्यावर ३०२ चालणार नाही, ब्राउझर पोस्टचं (माहिती पाठवणं) गेट (नुसतं पान मागणं) करतो आणि भरलेला डेटा जातो. तिथे ३०७ लावा, त्यात पोस्ट पोस्टच राहतं.

आणि कर्लमध्येही ३०१ दिसला तर मात्र तो सर्व्हरवरूनच येतोय. बदल एचटीटीपीडी डॉट कॉन्फ या मुख्य सेटिंग फाइलमध्ये केला असेल तर अपाची (झॅम्पमधला वेब सर्व्हर) रीस्टार्ट करा, डॉट-एचटीॲक्सेसला त्याची गरज नसते. वर्डप्रेस असेल तर डेटाबेसच्या ऑप्शन्स टेबलातल्या ‘साइटयूआरएल’ आणि ‘होम’ या दोन ओळी तपासा.