कोकणातला जुना वाडा देणग्यांवर वाचवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागरजवळचा पणजोबांचा चौसोपी वाडा पडायला आलाय, ट्रस्ट काढून देणग्या घेता येतील का, आणि देणाऱ्यांना करसवलत मिळेल का?

मी रत्नागिरीत संस्थांचे हिशेब बघतो, त्यामुळे हा विषय वरचेवर टेबलावर येतो. दोन्ही होईल, पण मग वाडा तुमचा राहणार नाही. हे भावकीत पचतंय का, ते आधी बघा.

बहुतेकांचा बेत असा असतो की वाडा घरच्यांच्याच नावावर ठेवायचा, बाजूला एक ट्रस्ट काढायचा आणि देणग्यांतून कौलं, वासे बदलून घ्यायचे. विश्वस्तही आपणच, मालकही आपणच! आयकर खात्याच्या दृष्टीने हा विश्वस्तांनी स्वतःचा करून घेतलेला फायदा, आणि त्यापायी ट्रस्टची करमाफी धोक्यात येते. ट्रस्टच नको म्हणून पैसे थेट तुमच्या खात्यात घेतले, तर नातेवाईक नसलेल्यांकडून आलेले पैसे वर्षभरात मिळून ५०,००० रुपयांच्या वर गेले की ती सगळीच रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाते. सख्खी भावंडं, काका, मामा, आत्या चालतात. चुलतभाऊ मात्र कायद्याच्या नातेवाईकांत बसत नाही, आणि आपल्याकडे वर्गणी निघते ती चुलतभावांतच.

म्हणून मार्ग एकच. सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या घेऊन वाडा सार्वजनिक न्यासाला, म्हणजे पब्लिक ट्रस्टला, द्यायचा आणि धर्मादाय आयुक्तांकडे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली न्यासाची नोंदणी करायची. पुढे तो विकायचा किंवा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायचा, तर त्यांची परवानगी लागते. देणाऱ्यांना करसवलत मिळावी म्हणून जी मान्यता लागते, जिला ८०जी म्हणतात, तिच्यासाठी आयकर खात्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो. उद्देशात ‘आमच्या कुळातील व्यक्तींसाठी’ किंवा ‘ज्ञातीबांधवांसाठी’ असं लिहून ठेवाल तर ती मिळणार नाही. कुलमंडळांचं घोडं नेमकं इथेच अडतं. मिळाली, तर देणगीदाराला साधारणपणे देणगीच्या ५० टक्के रकमेची वजावट मिळते, तीही जुनी करप्रणाली घेतली असेल तर. २,००० च्या वरची रोख देणगी वजावटीत धरत नाहीत. अमेरिकेतल्या पुतण्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर त्याचे पैसे बिनधास्त घ्या. तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर ती विदेशी देणगी ठरते आणि तिला वेगळी परवानगी लागते.

कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती बसते, पण ‘आमचे पणजोबा खोत होते’ एवढ्यावर कोणी चेक फाडत नाही. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवायचे जुन्या पद्धतीचे पत्ते, रंगवणारे कारागीर बसलेले दिसतात, लोक ते बघायला जातात. तुमच्या वाड्यात परका माणूस कशासाठी येईल, याचं उत्तर अर्जात हवं.

आता खरी गोम. देणगीदाराला आपल्या नावाची पाटी लावता येईल असं काहीतरी हवं असतं: नवी फरशी, रंग, दिंडीदरवाजा. मेमध्ये कौलं परतायला आणि पन्हळी साफ करायला पैसे द्यायला कोणी पुढे येत नाही. मग आलेला पैसा जिथे जाऊ नये तिथे जातो. जांभ्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा चढतो. चिरा पाणी पितो. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल बाहेर पडते, सिमेंटमागे ती कोंडते. दोन-चार पावसाळ्यांत भिंतीत बसलेली तुळयांची टोकं कुजतात, त्यामागून वाळवी येते, आणि बाहेरून वाडा मात्र छान रंगवलेला दिसतो. तेव्हा पहिल्या देणग्या कायम निधी म्हणून घ्या, तसं देणगीदाराकडून लेखी घ्या, आणि व्याजातून दरवर्षीचं छप्पर सांभाळा. चुन्याचं काम जाणणारा गवंडी आतापासून शोधायला लागा, तो पैशांपेक्षा दुर्मिळ झालाय.

सह्या जमेपर्यंत एक-दोन पावसाळे जातीलच. तोवर आढ्याखालची गळकी पाखं भावकीच्या वर्गणीतून परतून घ्या. ज्याच्या त्याच्या हिश्श्याचा खर्च म्हणून नीट लिहून ठेवलात, तर चुलतभावाचे पैसेही त्यात चालतील.