व्हिसेरा कशात ठेवायचा?

प्रश्न : मी बेळगावात न्यायवैद्यकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. कीटकनाशक प्यायलेल्याचा व्हिसेरा (शवविच्छेदनात तपासणीसाठी काढलेले आतले अवयव) फॉर्मालिनमध्ये (फॉर्मल्डिहाइडच्या द्रावणात) ठेवला तर काय बिघडतं? (निवासी डॉक्टर, चिकोडी)

उत्तर : फॉर्मालिनने ऊतक कडक होतं, मग त्यातून विष वेगळं काढणं अवघड. कीटकनाशकाच्या रासायनिक तपासणीला मिठाचं संपृक्त द्रावण घ्या. तळाशी न विरघळलेलं मीठ दिसलं पाहिजे. जठर आतल्या द्रव्यासकट आणि लहान आतड्याचा वरचा ३० सेंमी भाग एका बरणीत. यकृत ५०० ग्रॅम व दोन्ही मूत्रपिंडं अर्धी-अर्धी दुसऱ्या बरणीत. यकृताचे काप करा, नाहीतर मीठ आत पोचत नाही आणि ते कुजतं. बरणी दोन-तृतीयांशच भरा, वायू साठतो. कोऱ्या (अवयव न ठेवलेल्या) द्रावणाचा नमुना वेगळा पाठवा, हा हमखास राहतो! पोलिसांचे कागद कन्नडमध्ये असतात. लेबलवरचं नाव त्यांच्याशी स्वतः ताडून पाहा.