वाडीच्या वर खासगी मालकाचं मातीचं धरण आहे. ते सुरक्षित आहे का, हे आम्ही कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की धरण साधारण १२ मीटर उंच आहे, मालकाने एका इंजिनिअरचं ‘धरण सुस्थितीत आहे’ असं पत्र दाखवलं, आणि खाली ओढ्याकाठी तुमची तीसेक घरं आहेत. पाटबंधारे खात्यात माझी सगळी नोकरी मातीच्या धरणांवर गेली, म्हणून स्पष्ट सांगतो: त्या पत्राने तुमच्या निम्म्याच प्रश्नाचं उत्तर मिळतं.

धरण कसं आहे, हा एक प्रश्न. ते फुटलं तर पाणी कुणाच्या घरात शिरणार, हा दुसरा. अमेरिकेत धरणाच्या धोक्याची प्रतवारी या दुसऱ्या प्रश्नावरच करतात. फुटल्यावर एक जरी माणूस दगावेल असं दिसत असेल, तर ते धरण ‘उच्च धोक्याचं’. मग ते कालच बांधलेलं का असेना. तुमच्या घरांमुळे हे धरण त्याच वर्गात बसतं, आणि देखभालही त्याच हिशोबाने व्हायला हवी.

मी एकदा एका खासगी तळ्याची पाहणी करायला गेलो होतो. भराव देखणा, वर हिरवळ, बसायला बाकडी. सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवर, मात्र मासे वाहून जाऊ नयेत म्हणून लोखंडी जाळी ठोकलेली, आणि तिच्यात पाला, फांद्या, प्लास्टिक अडकून निम्मा सांडवा बंद झालेला. लेखी दिलं, तरी मालकाचं एकच उत्तर: पुढच्या आठवड्यात काढतो. त्या पावसाळ्यात मी नीट झोपलो नाही, कारण साउथ फोर्कचं काय झालं ते मला ठाऊक होतं.

पेनसिल्व्हेनियातलं साउथ फोर्क हे सुमारे २२ मीटर उंचीचं मातीचं धरण शिकार आणि मासेमारी करणाऱ्या श्रीमंतांच्या एका क्लबच्या मालकीचं होतं. तळातून पाणी सोडायचे पाइप आधीच्या मालकाने काढून विकले होते. क्लबने ते परत बसवले नाहीत. बग्ग्या जाव्यात म्हणून माथा खाली उतरवला, आणि सांडव्यावर माशांसाठी जाळ्या लावल्या. १८८० मध्ये खालच्या जॉन्सटाउनमधल्या लोखंड कंपनीने आपला इंजिनिअर पाठवला. पाणी सोडायची सोय नाही आणि दुरुस्तीच्या जागी गळती आहे, असं त्याने लिहून दिलं. क्लबने काळजीचं कारण नाही म्हणून कळवलं. ३१ मे १८८९ ला पाणी माथ्यावरून गेलं, भराव वाहून गेला आणि तासाभरात लोंढा जॉन्सटाउनला पोचला. २,२०९ माणसं गेली.

मिशिगनमधलं एडनव्हिलही खासगी. सांडवा अपुरा, सुधारणा होत नाही, म्हणून केंद्रीय नियामकाने २०१८ मध्ये त्याचा वीजनिर्मितीचा परवानाच रद्द केला. १९ मे २०२० ला भराव ढासळला आणि खालचं सॅनफर्ड धरणही गेलं. सुमारे १०,००० लोकांना वेळेत हलवलं होतं, म्हणून एकही जीव गेला नाही. साउथ फोर्क आणि एडनव्हिल, दोन्ही ठिकाणी धरण फुटलं; फरक पडला तो वेळेवर मिळालेल्या निरोपाने.

आता तुमच्या धरणाकडे. पहिल्यांदा सांडवा बघा. तो मोकळा आहे का, पाणी जास्त साठावं म्हणून त्यावर फळ्या किंवा वाळूची पोती तर रचलेली नाहीत ना? तो किती पुरासाठी आखलाय हेही विचारा. ‘शंभर वर्षांतला पूर’, म्हणजे दर वर्षी यायची शक्यता एक टक्का असलेला पूर, असं उत्तर आलं तर निर्धास्त होऊ नका. तसा पूर येत्या ३० वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता साधारण २६ टक्के, म्हणजे चारात एक, असते.

मग भरावाच्या पायथ्याशी जा. मातीच्या धरणातून थोडा पाझर येतोच, त्याला घाबरू नका. पारदर्शक बाटलीत ते पाणी भरा, तासभर हलवू नका. तळाशी माती बसली तर धरण आतून पोखरलं जातंय. त्याच जागी एक बादली भरायला किती सेकंद लागतात ते दर आठवड्याला वहीत लिहा, शेजारी तलावाची पातळीही. पातळी तीच आणि बादली लवकर भरायला लागली, तर ते लक्षण वाईट. चिपळूणजवळच्या तिवऱ्याचं धरण सरकारी होतं, पण गळतीची तक्रार तिथल्या लोकांनी आधीच केली होती. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटलं. म्हणून तोंडी सांगून थांबू नका.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा खासगी मालकालाही लागू आहे. १५ मीटरपेक्षा उंच सगळी धरणं त्यात येतात. १० ते १५ मीटरमधलं धरण साठा किमान १ दलघमी (दशलक्ष घनमीटर) किंवा लांबी किमान ५०० मीटर असेल तरी येतं. आणखीही काही निकष आहेत. तसं असेल तर पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी करणं आणि आपत्कालीन कृती आराखडा करणं मालकाला बंधनकारक आहे. त्याच्या प्रती मागा. कायद्यात बसत नसेल तर ग्रामसभेचा ठराव करून तो वहीतल्या नोंदींसह तहसीलदारांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्या. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात.

आणि मालकाशी हे पावसाआधीच ठरवून घ्या: रात्री दोन वाजता पाणी चढलं तर धरणावरचा माणूस वाडीत कुणाला फोन करणार, फोन लागला नाही तर भोंगा कोण वाजवणार, म्हातारी माणसं कुठल्या वाटेने टेकडीवर जाणार. पायथ्याशी गढूळ पाणी जोरात यायला लागलेलं दिसलं तर फोटो काढत, साहेबांची वाट बघत बसू नका. आधी ओढ्याकाठची घरं रिकामी करा, मग फोन लावा.