‘हाय नून’च्या नोंदीत काय घ्यावे आणि काय गाळावे?

प्रश्न : स. न. वि. वि. मराठी विकिपीडियावर ‘हाय नून’ (१९५२) या अमेरिकी चित्रपटाची नोंद मी वाढवायला घेतली आणि मजकूर तीन हजार शब्दांवर गेला. त्यात निम्म्याहून अधिक भाग कथानकाचा आहे. उरलेल्यात पुरस्कार, अभिनेते जॉन वेन यांची टीका, बिल क्लिंटन यांचा हा आवडता चित्रपट असल्याची माहिती आणि चित्रपट थांबवत थांबवत पडद्यावरच्या प्रत्येक घड्याळाची वेळ टिपून मी स्वतः केलेला तक्ता आहे. एका सहसंपादकाने त्यातला बराच मजकूर ‘विश्वकोशीय नाही’ म्हणून उडवला. ‘हा चित्रपट मॅकार्थीकाळाचे रूपक आहे’ (म्हणजे अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांच्या चौकशा चालल्या, त्या काळाचे) हे वाक्यसुद्धा त्याने ठेवले नाही. ते तर सर्वांनाच ठाऊक आहे. मग नोंदीत ठेवायचे तरी काय? – एक वाचक, सातारा

उत्तर : रूपकाचे वाक्य तुमच्या सहसंपादकाने उडवायला नको होते, पण तुम्हीही ते अशा शब्दांत लिहायला नको होते. पटकथाकार कार्ल फोरमन यांना चित्रीकरण सुरू असतानाच, १९५१ साली, कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे जावे लागले. इतरांची नावे सांगण्यास त्यांनी नकार दिला, निर्माते स्टॅनली क्रेमर यांच्याबरोबरची त्यांची भागीदारी तुटली, ज्यांना काम द्यायचे नाही अशांच्या हॉलिवुडच्या काळ्या यादीत त्यांचे नाव गेले आणि ते इंग्लंडला निघून गेले. या घटना आहेत आणि नोंद त्या स्वतःच्या आवाजात सांगू शकते. गुंडांपुढे एकट्या पडलेल्या मार्शलच्या, म्हणजे गावाचा कायदा राखणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कथेत आपलाच अनुभव उतरला, असे फोरमन पुढे सांगत; हा अर्थ झाला, आणि तो त्यांच्या नावावरच लिहावा लागतो, कारण दिग्दर्शक फ्रेड झिनेमन यांना तो मान्य नव्हता. त्यांच्या मते ही राजकीय रूपककथा नसून आपल्या सदसद्विवेकाशी प्रामाणिक राहू पाहणाऱ्या माणसाची गोष्ट होती. ज्याने लिहिले तो एक म्हणतो आणि ज्याने घडवले तो दुसरे म्हणतो, अशा वेळी नोंदीने न्यायाधीश होऊ नये. दोघांचे म्हणणे शेजारी शेजारी ठेवावे. शिवाय ती समिती प्रतिनिधिगृहाची होती आणि मॅकार्थी हे सिनेटर होते, त्यामुळे ‘मॅकार्थीच्या समितीपुढे’ असे काही तुमच्या मजकुरात असेल, तर ते आजच दुरुस्त करावे. आणि ‘सर्वांनाच ठाऊक आहे’ हा आधार विश्वकोशात चालत नाही. जे सर्वांना ठाऊक असते ते कोणीतरी कुठेतरी छापलेले असतेच, ते शोधून द्यावे लागते.

जॉन वेन यांच्या टीकेबाबत मात्र मी तुमच्या बाजूने आहे. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत त्यांनी हा चित्रपट अमेरिकेच्या वृत्तीविरुद्ध असल्याचे सांगितले आणि शेवटी मार्शल केनची भूमिका करणारे गॅरी कूपर मार्शलचा बिल्ला पायाखाली घेऊन तुडवतात, असेही सांगितले. आता चित्रपटाचा शेवट पाहा. गोळीबार संपतो, दारे उघडतात, लपलेले गावकरी रस्त्यावर गोळा होतात; मार्शल केन त्यांच्याकडे एक नजर टाकतो, छातीवरचा बिल्ला काढून धुळीत टाकतो आणि पत्नीसह घोडागाडीतून निघून जातो. पाऊल बिल्ल्यावर पडत नाही. इथे नोंदीला दोन कामे वेगळी करावी लागतात. बिल्ला धुळीत टाकला, हे कथानकात येईल. त्याला चित्रपट हाच आधार पुरतो. वेन यांना तो तुडवलेला आठवत होता, हे स्वागताच्या भागात येईल आणि आठवण दृश्याशी जुळत नाही, एवढे अर्ध्या वाक्यात सांगितले की पुरे. त्यावरून वेन यांची वृत्ती कशी होती, याचे निदान करायला बसू नये. याच भागात दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांचा ‘रिओ ब्राव्हो’ (१९५९) यायलाच हवा, कारण मदतीसाठी दारोदार फिरणारा कायद्याचा रखवालदार न पटल्यामुळे आपण तो काढला, असे हॉक्स यांनी स्वतः सांगितले आहे आणि त्याचे नायक वेनच आहेत. एका चित्रपटाला दुसऱ्या चित्रपटाने दिलेले उत्तर हा चित्रपटाच्या इतिहासाचाच भाग असतो. कूपर यांचे ऑस्कर समारंभात त्यांच्या वतीने वेन यांनीच स्वीकारले, ही गंमतही मी एका वाक्यापुरती ठेवीन.

पुरस्कारांचा भाग सोपा आहे : सात नामांकने, चार ऑस्कर – अभिनेता, संकलन, पार्श्वसंगीत आणि गीत. तक्ता करावा आणि पुढे जावे.

कथानक मात्र छाटावेच लागेल. इंग्रजी विकिपीडियात चित्रपटाच्या कथानकासाठी ४०० ते ७०० शब्दांची मर्यादा सुचवलेली आहे आणि पंचाऐंशी मिनिटांच्या, एकाच गावात एकाच सकाळी घडणाऱ्या गोष्टीला तेवढे भरपूर होतात. केन आधी न्यायाधीशाशी बोलतो, मग मद्यगृहात जातो, मग मित्राच्या घरी, मग चर्चमध्ये, मग जुन्या मार्शलकडे, हे तुम्ही प्रत्येकी एक परिच्छेद देऊन लिहिले असणार. ‘एकेक जण वेगवेगळी सबब सांगून अंग काढून घेतो’ एवढ्यात ते आटोपते, चर्चमधल्या चर्चेसाठी हवे तर आणखी एक वाक्य घ्यावे. शेवट मात्र लपवू नये. ‘पुढे काय होते ते पडद्यावरच पाहा’ हे वाक्य जाहिरातीत शोभते. आणि केन हा शेरीफ नसून मार्शल आहे. आपल्याकडच्या लिखाणात ही गल्लत नेहमी होते.

क्लिंटन यांची आवड आणि पोलंडमधले भित्तिपत्रक या दोन्ही गोष्टी चित्रपटाच्या राजकीय आयुष्यातल्याच, पण त्यांचे वजन सारखे नाही. ४ जून १९८९ च्या निवडणुकीसाठी सॉलिडॅरिटी या पोलंडमधल्या कामगार संघटनेने काढलेल्या भित्तिपत्रकावर कूपर चालत येताना दिसतात. हातात बंदुकीऐवजी मतपत्रिका आहे आणि छातीवर बिल्ल्याच्या वर संघटनेचे चिन्ह आहे. अमेरिकेत ज्या चित्रपटाच्या लेखकाला कम्युनिस्ट म्हणून काळ्या यादीत टाकले, त्याच चित्रपटाचा नायक पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध मते मागायला उभा राहिला, हे वाचकाला चित्रपटाबद्दल काहीतरी सांगून जाते. तुमच्या पत्रात या भित्तिपत्रकाचा उल्लेख नाही. कथानकातून वाचलेली जागा त्याला द्यावी. एका राष्ट्राध्यक्षाला चित्रपट आवडला, यातून त्या राष्ट्राध्यक्षाची आवड कळते. त्याला एक ओळ पुरे. ‘रंजक माहिती’ असे शीर्षक देऊन खाली सुटे ठिपके मांडण्याची सवय मात्र मोडायलाच हवी, कारण ज्या माहितीला नोंदीत कुठेच जागा सापडत नाही ती तिथे साठते, आणि जागा का सापडत नाही याचा विचार कोणी करत नाही.

वर्गीकरणाच्या ओळीत ‘पाश्चात्त्य चित्रपट’ असे लिहिले असेल, तर तेही बदलावे. त्या शब्दाने मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर युरोप-अमेरिकेचा कोणताही चित्रपट येतो. इथला ‘वेस्ट’ म्हणजे अमेरिकेचा पश्चिम मुलूख. ‘वेस्टर्न’ हाच शब्द ठेवावा आणि चित्रपटाचे नावही भाषांतरित करू नये.

राहिला तुमचा तक्ता, आणि तो गाळायला सांगताना मलाच वाईट वाटते आहे. कथेचा काळ आणि चित्रपटाचा काळ जवळजवळ समांतर चालतात, हे नेहमी लिहिले जाते. त्यातले ‘जवळजवळ’ किती, हे तुम्ही मोजलेत. पण घड्याळे टिपणे हे निरीक्षण असले, तरी त्यांच्यातली तफावत काढून तिच्यावरून संकलनाबद्दल निष्कर्ष काढणे हे संशोधन आहे, आणि नोंदीत आधी कुठे प्रसिद्ध न झालेले संशोधन चालत नाही. तो तक्ता चार पाने टिपण लिहून आमच्याकडे पाठवावा. छापण्याजोगा असेल तर छापू. त्यानंतर तो नोंदीत घ्यायचा की नाही, हे मात्र चर्चापानावर तुमच्या सहसंपादकाला ठरवू द्यावे, स्वतः घालायला जाऊ नये.