'स्थानिक दल' असं एकच शीर्षक देऊ नका, माझं वर्ष गेलंय त्यात

ऐरोलीच्या ज्या ताईंनी विचारलंय की एम.ए.च्या प्रबंधात सी-६० (गडचिरोली पोलिसांचं नक्षलविरोधी पथक), सलवा जुडूम (छत्तीसगडमधली सरकारी पाठबळाची नक्षलविरोधी मोहीम) आणि व्हिएतनाम युद्ध हे तिन्ही 'छोट्या तुकड्या आणि स्थानिक दलं' अशा एका चॅप्टरमध्ये घेऊ का, आणि माहिती अधिकारातले आकडे येईपर्यंत थांबू का, त्यांच्यासाठी लिहितोय. वाचून पोटात गोळा आला, कारण २०१३ ला ठाण्यात बसून मी अगदी हेच करत होतो. आधीच सांगतो, मी फौजेत नव्हतो, पोलिसातही नाही, कॉलेजात शिकवतो, त्यामुळे जंगलातलं जे सांगेन ते वाचलेलं नाहीतर ऐकलेलं.

बंडखोरी म्हणजे काय, गनिमी युद्ध म्हणजे काय हे तुम्हाला येतंच, ते सोडतो.

मी एक तक्ता केला होता. डावीकडे दलाचं नाव, उजवीकडे चकमकी आणि मृतांचे आकडे, आणि सगळी दलं एकाखाली एक. एक्स्टर्नल परीक्षकांनी त्यावर लाल पेनने आडवी रेघ मारली आणि समासात दोनच शब्द लिहिले, 'पगार कोणाचा?' तेव्हा राग आला, अख्खा चॅप्टर परत लिहिला, सबमिशन वर्षभर पुढे गेलं, पण त्यांचं बरोबर होतं.

बघा ना, सी-६० गडचिरोलीत १९९० ला ६० जवानांवर उभं राहिलं. पोरं जिल्ह्यातलीच, गोंडी-माडिया बोलणारी, पण रीतसर पोलीस खात्यातली, सर्व्हिस बुक असलेली, चुकलं तर खात्याची चौकशी लागणारी. छत्तीसगडचे एसपीओ, म्हणजे सलवा जुडूमच्या काळात नेमलेले विशेष पोलीस अधिकारी, तेसुद्धा स्थानिकच, वाटा त्यांनाही तोंडपाठ, पण महिना ३,००० रुपये मानधन, दोन महिन्यांचं ट्रेनिंग आणि हातात बंदूक. सुप्रीम कोर्टाने ५ जुलै २०११ च्या नंदिनी सुंदर यांच्या याचिकेवरच्या निकालात हा प्रकार घटनाबाह्य ठरवला. त्याच वर्षी राज्याने सहायक सशस्त्र पोलीस दलाचा कायदा करून त्याच पोरांना सामावून घेतलं, ते मला आजही पटत नाही. माझं ठाम मत आहे की भाषा आणि वाटा एवढ्यावर कोणाला स्थानिक दल म्हणू नये, उद्या दल मोडलं तर हा पोरगा आपल्या गावात रात्री झोपू शकेल का हे आधी विचारावं. सलवा जुडूममध्ये गावंच दुभंगली, माणसं कॅम्पात राहायला आली, तिथे याचं उत्तर नाही असंच येतं.

ओमानच्या धोफार प्रांतातलं बंड जमलं तर घ्याच. तिथे १९७० नंतर ब्रिटिश लष्कराच्या एसएएस या विशेष दलाच्या लहान टीम शरण आलेल्या बंडखोरांच्या फिरकत, म्हणजे स्थानिक सशस्त्र तुकड्या, उभ्या करत होत्या, पण पहिली फिरकत वेगवेगळ्या टोळ्यांची मिळून केली आणि ती फुटली, मग टोळीनुसार करावं लागलं. म्हणजे स्थानिकांतही कोण कोणाचा हे असतंच.

छोटी तुकडी म्हटलं की लोकांना धाड आठवते. व्हिएतनाममध्ये अमेरिकन मरीन्सनी १९६५ पासून जे केलं त्यात डझनभर मरीन, नौदलाचा एक वैद्यकीय सहायक आणि गावचे निमलष्करी जवान मिळून गावातच राहायचे. माझ्या मते जीव त्या राहण्यात आहे. आणि चालण्यात. कळव्याला लेकीकडे आलेल्या एका निवृत्त जवानाला भेटलो होतो, त्यांनी चहाची बशी बाजूला सारली, लादीवर बोटाने एक रेघ ओढली, म्हणाले हा रस्ता, मग वीतभर लांब दुसरी ओढली, 'आम्ही इकडून चालायचो.' म्हणजे सुरुंगाच्या भीतीने रस्ता सोडून. पुढे १ मे २०१९ ला जांभूळखेड्याला खासगी गाडीतून निघालेले १५ जवान आणि चालक सुरुंगात गेले, ती बातमी बघताना मला ती लादीच दिसत होती.

आता आकड्यांचं. थांबू नका. मी एका कार्यालयाच्या भरवशावर आठ महिने घालवले. आधी म्हणे हे टेबल आमचं नाही, वरच्या मजल्यावर जा, वरचे म्हणाले खाली जा, मग पोस्टल ऑर्डरवर नाव चुकलंय म्हणून अर्ज परत, आणि शेवटी सुरक्षेचं कारण देऊन एका ओळीत नकार. सुरक्षेचं कारण मला मान्य आहे हो, पण ते पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं, माझी रजा, बायकोचा ओव्हरटाइम सगळं त्यात गेलं. अर्ज टाकलाच आहे तर ३० दिवस मोजा आणि उत्तर नाही आलं तर लगेच पहिलं अपील करा, आणि राज्याच्या कार्यालयात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो, पोस्टल ऑर्डरच्या भानगडीत पडू नका. तोवर गृह मंत्रालयाचे वार्षिक अहवाल आणि संसदेतली प्रश्नोत्तरं यांवर काम सुरू करा. तुमचे गाईड वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका, सही त्यांची लागते.

निकाल मात्र मूळ वाचा, बातम्यांवरून नको, आणि परिच्छेदाचे नंबर टिपून ठेवा. चॅप्टरचा आराखडा झाला की इथेच टाका, रविवारी मी घरी असतो, वाचून सांगेन.