टेस्ट किती होणार ते आधीच लिहायचं का?

प्रश्न: ताई नमस्कार. मी निपाणीचा, बेळगावात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागून दीड वर्ष झालं. आमचं जुनं बिलिंग पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत हाय. सीनियर म्हणतात कोड तपासणाऱ्या प्रत्येक टेस्ट फाइलच्या वर एकूण टेस्ट किती तो आकडा पाहिजेच. मी टेस्ट वाढवतो, आकडा बदलायला विसरतो, की सगळं लाल, म्हणजे नापास. मित्र म्हणतो जुनी पद्धत हाय, सोड. कुणाचं ऐकू?

उत्तर: ताई म्हणालास म्हणून सरळ अरेतुरेच करते हां.

सीनियर उगाच म्हणत नाहीत रे. 1987 ला पहिलं पर्ल आलं तेव्हापासून त्याच्या टेस्ट सुरुवातीलाच 1..5 अशी ओळ छापतात, म्हणजे पुढं पाच येणार, यालाच प्लॅन म्हणतात, मग ओके 1, ओके 2 असं. कारण नापास झालेली टेस्ट डोळ्याला दिसते, चाललीच नाही ती कुठं दिसणार? उद्यमबागेत माझ्या भावाचं मशीन शॉप हाय, फाउंड्रीतनं कास्टिंगचा टेम्पो आला की तो आधी मालाचं चलन, म्हणजे किती नग पाठवले तो कागद, हातात घेतो, 120 लिहिलंय आणि 118 भरले तर आलेला एकेक नग चांगला असला तरी सही करत नाही. वरचा आकडा म्हणजे तुझं चलन.

मी यात चांगलीच पोळलेय. आधीच्या नोकरीत बिलावर कन्नड आणि मराठी नावं नीट छापतात का याची टेस्ट मीच लिहिलेली, 64 नावं एका फाइलीत आणि त्यावर लूप, म्हणजे एकेका नावासाठी तीच टेस्ट परत. कुणीतरी ती फाइल दुसऱ्या फोल्डरात हलवली, माझा कोड फाइल नाही सापडली तर गुपचूप रिकामी यादी घ्यायचा, लूप एकदाही फिरला नाही, बाकीच्या 6 टेस्ट पास आणि स्क्रीन हिरवी. वर आकडा नव्हता. गोकाकचं एक गिऱ्हाईक बिल घेऊन आलं, नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. त्या माणसाचं स्वतःचं नाव स्वतःच्या बिलावर नाही, मला फार वाईट वाटलेलं.

पण तुझा त्रासही खराच हाय, आणि त्यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. समज आकडा 47 हाय, तू एक टेस्ट वाढवून 48 केलंस, मित्रानं त्याच्या ब्रँचवर, म्हणजे कोडच्या त्याच्या वेगळ्या प्रतीवर, दुसरी वाढवून 48च केलं. कोडचे बदल सांभाळणाऱ्या गिटला दोन्हीकडं तोच बदल दिसतो, त्या ओळीवर भांडण नाही, मर्ज झालं, म्हणजे दोन्ही प्रती एक झाल्या. टेस्ट चालतात 49. मग लाल, आणि दोघंही म्हणता माझ्याकडं तर चालत होतं. असं रोज झालं की माणसं न बघता आकडा बदलून मोकळी होतात, मग त्या आकड्याला काय अर्थ राहिला?

म्हणून 2009 साली पर्लमध्ये टेस्ट लिहायच्या टेस्ट मोअर या मॉड्यूलमध्ये डन_टेस्टिंग आलं. वर आकडा नको, फाइलीच्या शेवटी ही एक ओळ. मधेच कुणी एक्झिट मारला, म्हणजे प्रोग्रॅम तिथंच थांबवला, आणि शेवट गाठलाच नाही तर फाइल नापास होते. त्याआधीचं नो_प्लॅन, म्हणजे आकडाच न देणं, मात्र वापरू नकोस, त्यात मधे एक्झिट शून्य झालं, म्हणजे प्रोग्रॅम सगळं ठीक सांगून थांबला, तरी जेवढ्या चालल्या तेवढ्यावर हिरवं दाखवतं.

माझं मत विचारशील तर रोजच्या फाइलींना डन_टेस्टिंग पुरे. पण माझ्यासारखा रिकामा लूप त्यात सापडत नाही बघ, कारण शेवटची ओळ तर चालतेच की. तिथं लूपच्या आधी यादीत 64 नावं आहेत का हीच एक टेस्ट लिही. आणि आकडा हातानं लिही, त्याच यादीची लांबी मोजून तीच प्लॅनला दिलीस तर 60 आले तरी 60 बरोबरच म्हणेल.

कॉलबॅकच्या, म्हणजे काम झाल्यावर मागनं बोलावलं जाणाऱ्या फंक्शनच्या, आत टेस्ट असतील तिथं मी सीनियरच्याच बाजूनं, कॉलबॅक आला नाही तर आतलं काहीच चालत नाही. पुढं जावास्क्रिप्टवर गेलास तर जेस्ट या टेस्टच्या साधनात एक्सपेक्ट डॉट असर्शन्स असतं, तिथं आकडा त्या एकाच टेस्टमधल्या तपासण्यांपुरता, दोन-तीनचा, सांभाळायला सोपा.

सीनियरशी वाद घालू नकोस. एखादी लूपवाली फाइल घे, डेटा फाइलीचं नाव बदलून टेस्ट चालव, हिरवं आलं तर त्यांना बोलावून स्क्रीन दाखव आणि तिथंच दोघं मिळून ठरवा.